बँकांना खुलं पत्र: तुमचा खरा मेल आणि चोराचा मेल

प्रति,
महाराष्ट्रात कारभार करणाऱ्या सर्व सरकारी, खासगी आणि सहकारी बँकांचे व्यवस्थापकीय संचालक
यांस

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका बाईंना आठ दिवसांच्या अंतरानं दोन मेल आले. बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे नजर तयार. पहिल्या मेलची सुरुवात ‘डिअर कस्टमर’. पुढे केवायसीची मुदत संपत आल्याचा इशारा, खातं गोठवण्याची धमकी, खाली लालभडक बटण. पाठवणाऱ्याच्या पत्त्याचं बँकेच्या नावाशी काडीचंही नातं नाही. दुसरा मेल शुद्ध मराठीत होता. पूर्ण नावानं, आदरानं लिहिलेला, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही बरोबर. बाईंनी तुमच्याच पोस्टरवरचा सल्ला मानून पहिला मेल पुसून टाकला आणि दुसऱ्यातला फॉर्म भरला.

पहिला बँकेचा होता. दुसरा चोराचा.

एक लाख अठरा हजार रुपये गेले. वर केवायसी झालं नाही म्हणून उरलेल्या पैशांसकट खातं गोठलं, ते वेगळंच. मी बाईंबरोबर शाखेत गेलो होतो. साहेबांनी काचेवर चिकटवलेल्या पोस्टरकडे बोट दाखवलं: अनोळखी लिंक उघडू नका. बाई म्हणाल्या, “मग तुम्ही तरी कशाला पाठवता?” साहेब काही बोलले नाहीत. त्यांच्या वतीनं तुम्ही बोलावं, म्हणून हे पत्र.

मी कोण हे सांगायला हवं. मी मिरजेला आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर होतो. उभा जन्म रात्रपाळीत गेला. समोर खणाखणांचं कपाट, हातात पत्रांचा गठ्ठा, बाहेर गाड्यांच्या शिट्ट्या. पिन कोड १९७२ साली आला खरा, पण नुसतं ‘व्हाया कवठे महांकाळ’ लिहून मोकळे होणारे लोक मी निवृत्त होईपर्यंत होते, आणि त्यांचीही पत्रं पोचत होती. पाठवणाऱ्यानं पाकिटावर काय लिहावं यावर आमचा ताबा नव्हता. शिक्का मात्र आमच्या हातात होता. पाकिटावर ‘मंत्रालय, मुंबई’ छापलंय आणि तिकिटावरचा शिक्का जतचा आहे, तर पत्र कुठून निघालं ते शेंबड्या पोरालाही कळायचं.

स्पॅम हा शब्द तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हता, पण वस्तू ठाऊक होती. १९८०च्या दशकात पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर देवीच्या नावानं मजकूर यायचा: अशीच एकवीस पत्रं लिहा, अमक्यानं लिहिली त्याला लॉटरी लागली, तमक्यानं कार्ड फाडलं त्याच्या घरात विघ्न आलं. ती कार्डं आम्ही गठ्ठ्यांनी लावली आहेत. लोभ आणि भीती, मसाले दोनच. आज ‘रिफंड मंजूर झाला’ आणि ‘खातं बंद होईल’ या दोन मेलमध्ये तिसरा मसाला पडलेला मला तरी दिसलेला नाही. फरक खर्चाचा आहे. एकवीस कार्डांना तीन रुपये पंधरा पैसे पडायचे, आणि हात दुखायचा. ही दोन कारणं होती म्हणून देवीचा कोप तालुक्याच्या फारसा बाहेर जात नसे.

ई-मेलला तिकीटच नाही. आमच्याकडे बिनतिकिटाचं पत्र असायचं, त्याला बेअरिंग म्हणत. त्याचं हशील घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल व्हायचं. घेणारा नाही म्हणाला तर पत्र परत. स्पॅम म्हणजे कायमचं बेअरिंग पत्र, आणि ‘नको’ म्हणायची सोय नाही. जागा, वीज, वेळ आणि मनस्ताप सगळा घेणाऱ्याचा. याची सुरुवात संगणकाच्या जन्माइतकी नसली तरी जुनीच आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्यानं आपल्या नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक बघायला या, असा एकच निरोप अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं) जवळजवळ चारशे जणांना पाठवला. छापील डिरेक्टरीतून पत्ते एकेक करून टंकले होते. पत्त्यांच्या रकान्यात जागा पुरेना, उरलेले पत्ते मजकुरात सांडले. लोक भडकले. विक्री मात्र झाली, आणि तिथंच सगळं बिनसलं.

पुढे ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याचे नियम लिहिले (आडनाव पाहा, आमच्याच खात्यातलं वाटतं). त्या काळी जाळ्यावरची मंडळी एकमेकांना ओळखणारी, बहुतेक विद्यापीठांतली. त्यामुळे ‘पाठवणार’ या रकान्यात जे लिहिलंय ते खरं मानायचं, असं ठरलं. चाळीस वर्षं उलटली, पाया तोच आहे. मी आज तुमच्या बँकेच्या अध्यक्षांच्या नावानं मेल लिहिला, तर मूळ नियमांत मला अडवणारं काही नाही. नोंदी असतात. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून येतो, तो तो आपली ओळ वर चिकटवतो, आमच्या शिक्क्यांसारखी. पण त्या ओळी दडवलेल्या असतात, त्यांतल्या खालच्या चोरानं स्वतःच घुसडलेल्याही असू शकतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर तर पत्ताही दिसत नाही. दिसतं फक्त नाव. तिथं तुमच्या बँकेचं नाव लिहायला काही लागत नाही.

असले मेल लोक उघडतात तरी कसे, असं तुमच्यातला एखादा म्हणेल. बहुतेक उघडत नाहीतच, आणि चोराला तशी गरजही नाही. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टॉर्म नावाच्या टोळीच्या यंत्रणेत शिरून हिशेब मांडला. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी मेल, आणि ग्राहक मिळाले २८. अठ्ठावीस! किराणा दुकानदार या धंद्यावर दुसऱ्या दिवशी कुलूप लावेल. पण मेल पाठवायचा खर्चच जवळजवळ शून्य असेल, आणि पाठवणारे संगणकही लोकांचेच असतील, तर अठ्ठावीस पुरतात. लोकांचे संगणक म्हणजे काय ते आमच्या गल्लीत बघा. झेरॉक्सच्या दुकानात चोरीचं विंडोज टाकलेला एक जुना डबा असतो, दिवसभर तो सातबारे छापतो. आत विषाणू शिरलेला असेल, तर मागच्या दारानं तो कुणाच्या तरी हुकमावरून हजारो मेल सोडत असतो. दुकानदाराला एवढंच जाणवतं की यंत्र हल्ली हळू चालतं.

मेलमधलं अशुद्ध लिहिणं हाही दर वेळी अडाणीपणा नसतो. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२मध्ये एक साधा प्रश्न विचारला: नायजेरियातून लुबाडणारे ‘आम्ही नायजेरियातले’ असं उघड का सांगतात? उत्तर असं की शहाण्याला पहिल्याच ओळीत हसू आलेलं चोराला परवडतं. नंतर पाच-पन्नास निरोपांची मेहनत ज्याच्यावर करायची, तो गिऱ्हाईक त्यातून आपोआप निवडला जातो. आम्ही पत्रं निवडायचो, हे माणसं निवडतात. मात्र बाईंना आला तो मेल या जातीचा नव्हता. तो चारही आकडे बरोबर सांगणारा होता. कुठून तरी फुटलेल्या यादीत बाईंचं नाव, मेल आणि खात्याचे आकडे एकत्र होते. ती यादी कुणाकडून फुटली, हे बाईंना कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं होतं.

आता तुमच्याकडे वळतो.

पोलिसांना, सरकारला सोडून मी बँकांनाच का लिहितोय, याला कारण आहे. २०११ साली अमेरिकी संशोधकांनी स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या औषधांची, नकली घड्याळांची आणि सॉफ्टवेअरची स्वतः खरेदी करून पाहिली, पैसा कुठं जातो ते शोधायला. मेल पाठवणारे संगणक लाखो, संकेतस्थळं हजारो. पण या मालाच्या ९५ टक्के जाहिरातींमागचा पैसा मोजक्या चार-दोन बँकांतून वळत होता. सगळ्या ओढ्यांना एकच मोरी. इथंही तसंच आहे. बाईंचे एक लाख अठरा हजार चार खात्यांत फिरून गेले, आणि ती चारही खाती तुमच्यापैकीच कुणाकुणाकडे केवायसी करून उघडलेली होती. खऱ्या मुख्याध्यापिकेचं केवायसी जुनं झालं म्हणून खातं गोठतं. चोराच्या भाडोत्री खात्याचं केवायसी मात्र ताजं असतं, ही गंमत मला अजून पचलेली नाही.

आणि हा धोका फक्त पेन्शनरांचा समजू नका. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत २०१५च्या सुरुवातीला नोकरी मागणाऱ्या एका उमेदवाराचे मेल आले, बायोडाटाची लिंक घातलेले. कुणीतरी दाबली. चोर वर्षभर आत बसून राहिले आणि फेब्रुवारी २०१६मध्ये जवळजवळ एक अब्ज डॉलर काढायचे आदेश सोडले. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेलेच. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी अडले, तेही ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं म्हणून. मध्यवर्ती बँकेचा कर्मचारी जिथं फसला, तिथं सत्तरीतल्या बाईंना ‘तुम्ही सावध राहायला हवं होतं’ म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

तुम्ही काय करू शकता, ते तुमच्या माहिती तंत्रज्ञान विभागाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तरी टपालाच्या भाषेत मांडतो. मेलला तीन कुलपं आहेत. एसपीएफ म्हणजे आमच्या बँकेची पत्रं कोणत्या पोस्टांतून निघतात त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर. वाटेत मजकुराला हात लागला तर ती फुटते. आणि डीमार्क म्हणजे, यादीतही नसलेलं आणि मोहोरही जुळत नसलेलं पत्र आलं तर काय करायचं, याचा पोस्टमनला दिलेला हुकूम. हुकूम तीन प्रकारचे: फेकून द्या, संशयितांत टाका, किंवा काहीच करू नका, फक्त आम्हांला कळवा. तिसरा प्रकार म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन. येईल त्याचं नाव वहीत लिहितो आणि आत सोडतो. चाचणीपुरता तो ठीक आहे. पण वर्षानुवर्षं हुकूम तिसराच ठेवायचा, याला सुरक्षा म्हणत नाहीत. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूनं घाऊक मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला ती लागतात. पण डीमार्कचा हुकूम कोणता, हे मात्र पाठवणाऱ्यावर सोडलं. ते तुमच्या हातात आहे.

रिझर्व्ह बँकेनं एक काम खरोखर चांगलं केलं. सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यावं, असा हुकूम काढला आणि नोंदणीचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे दिलं. मी संघात हे असं समजावतो. आपल्या नावात आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. संकेतस्थळाच्या पत्त्यातही घराणं शेवटी कळतं, सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्याच्या दोन रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी अलीकडे. ‘आमचीबँक डॉट बँक डॉट इन’ हा घरचा माणूस. ‘आमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसीअपडेट डॉट टॉप’ याचं आडनाव ‘केवायसीअपडेट डॉट टॉप’. पुढं कितीही मोठी नावं लावली तरी तो त्या घरचा नाही. रोमन आर आणि एन शेजारी ठेवले की एम भासतात, तेवढंही बघायचं. आजी-आजोबांना हे पाच मिनिटांत कळतं. आमच्या संघात ऐंशी वर्षांच्या एक आजी आता नातवाला शिकवतात.

आणि तुम्ही काय करता? माझ्या स्वतःच्या बँकेचे गेल्या सहा महिन्यांतले मेल मी काढून बसलो. काही नव्या पत्त्यावरून, काही जुन्या. कर्जाच्या जाहिराती तिसऱ्याच एका कंपनीच्या पत्त्यावरून, कारण त्यांना घाऊक मेल पाठवायचं कंत्राट दिलेलं. बँकेच्या खऱ्या पत्त्यावरून आलेल्या मेलमध्येही बटणाखालची लिंक बँकेची नव्हती. ती आधी भलत्याच नावाच्या घरात शिरायची, तिथं ‘यांनी बटण दाबलं’ अशी नोंद व्हायची, मग बँकेत पोचायची. तुमच्या जाहिरात विभागाला किती जणांनी बटण दाबलं हे मोजायचं असतं, म्हणून आम्ही आडनाव बघायला शिकलो ते फुकट. महिन्याचं स्टेटमेंट कुलूपबंद पीडीएफमध्ये येतं, आणि किल्ली काय, तर नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख. ही दोन्ही ज्याच्याकडे नाहीत असा चोर मला दाखवा. उलट कुलूप लावलेल्या फाइलच्या आत विषाणू तपासणाऱ्यालाही डोकावता येत नाही. चोरांनी ती युक्ती कधीच उचलली आहे, आणि ‘जोडलेली फाइल उघडा, पासवर्ड टाका’ या सवयीची तालीम तुम्हीच दर महिन्याला आमच्याकडून करून घेता.

खात्री करायला उलट मेल पाठवावा, तर ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’.

कायद्याकडे बघावं तर तिथंही पोकळी. एसएमएसवर ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, अंमल आहे. ऑक्टोबर २०२४पासून लिंक असलेला एसएमएस, ती लिंक आधी नोंदवलेली असेल तरच पुढं जातो. आता तर पाठवणाऱ्याच्या नावाला शेपूट असतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी निरोपाला जी. ई-मेलला यातलं काही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ हे कलम होतं. पाठवणाऱ्याबद्दल दिशाभूल करणारा मेल त्यात गुन्हा होता. पण त्याच कलमाचा वापर करून २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. रद्द झालं ते योग्यच. त्याच्याबरोबर स्पॅमबद्दलची ती एक ओळही वाहून गेली, आणि तिच्या जागी दुसरी लिहायची कुणाला आठवण झाली नाही. तोतयेगिरीचं ६६ड शिल्लक आहे, पण ते फसवणूक झाल्यावरचं.

राहिला पैशांचा प्रश्न. ६ जुलै २०१७च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात (सहकारी बँकांना तेच डिसेंबरात लागू झालं) म्हटलंय की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. हे वाक्य तुमच्या शाखांना तोंडपाठ आहे. त्याच परिपत्रकात असंही आहे की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. हे वाक्य मला अजून एकाही शाखेत ऐकायला मिळालेलं नाही. बाईंच्या अर्जाला आलेलं उत्तर तीन ओळींचं होतं: आपण स्वतः माहिती भरली, सबब निष्काळजीपणा, सबब दावा अमान्य.

माझं म्हणणं एवढंच आहे. खऱ्या आणि खोट्या पत्रात फरक करता आला नाही, याला निष्काळजीपणा म्हणायचं, तर फरक दिसेल अशी खरी पत्रं पाठवणं ही आधीची अट आहे. ज्या बँकेचे स्वतःचे मेल परक्या पत्त्यावरून येतात, ज्यांच्यात परक्या घरातून फिरणाऱ्या लिंक असतात, ज्यांचा डीमार्कचा हुकूम ‘फक्त कळवा’ असा आहे, तिनं ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा पुरावा देताना आपल्या मेलचा नमुनाही फाइलला जोडावा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासमोर दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. आणि तोवर खातेदारांना पाठवायच्या मेलमधून लिंक सरसकट काढून टाका. ‘आपल्या ॲपमध्ये निरोप आहे, तिथं पाहा’ किंवा ‘शाखेत या’ एवढंच लिहा. जाहिरात विभाग रडेल. रडू द्या.

बाईंनी सायबर फसवणूक कळवायच्या १९३० या क्रमांकावर फोन केला तो तिसऱ्या दिवशी, कारण पहिले दोन दिवस त्यांना लाज वाटत होती. पहिल्या तासात केला असता तर काही रक्कम वाटेत अडवता आली असती. त्या लाजेतही तुमच्या पोस्टरचा वाटा आहे. पोस्टरवर फसणारा माणूस नेहमी बावळट काढलेला असतो.

आता बाई प्रत्येक मेलची छपाई काढतात, दहा रुपये देऊन, त्याच झेरॉक्सच्या दुकानातून, आणि शाखेत दाखवायला नेतात. गेल्या मंगळवारी मी सोबत होतो. काउंटरवरच्या मुलीनं कागद दोनदा वाचला, उजेडात धरला, शेजारच्या टेबलावर दाखवून आणला आणि म्हणाली, “आपलाच असेल बहुतेक.”

कळावे, लोभ असावा.

आपला,
मिरजेचा एक निवृत्त सॉर्टर

ता. क. हे पत्र तुमच्यापैकी काहींना मेलनं पाठवावं म्हणून पत्ते शोधले. सापडले ते सगळे उत्तर न घेणारे. रजिस्टर करावं म्हटलं, तर १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. म्हणून स्पीड पोस्टानं पाठवत आहे. पाकिटावर मिरजेचा शिक्का असेल, तो पाहून घ्यावा.